देवाला विचारून काढलेली अक्षरं

म्हापशाच्या स्टँडवर हरमलची बस लागली होती. कंडक्टर पत्रा बडवत ‘शिवोली, चोपडें, हरमल’ म्हणून घसा फोडत होता. सुलूबायला चोपड्याला जायचं होतं, म्हणजे ही तिचीच बस. आणि सुलूबाय बसच्या समोर, अगदी ड्रायव्हरच्या नाकापुढे उभी राहून वरची दिव्यांची पाटी बघत होती. पाटीवर फक्त ‘हरमल’ एवढं होतं. ते वाचायला माणसाला असा किती वेळ लागावा? ड्रायव्हरने हॉर्न दिला, ती बाजूला झाली आणि बस धूळ उडवत निघून गेली.

मी धावत गेलो. “सुलूबाय, तुमची बस गेली!”

“गेली जाल्यार गेली,” ती म्हणाली. “त्या ‘ह’चें पोट पळयलें तुवें? दोन दिवे पेटनात थंय. पूण तशेंच बरें दिसता. आतां माका सांग, कोणें मुद्दाम बंद दवरल्यात ते, काय बिघडल्यात?”

मी तिच्याबरोबर पुढच्या बसची वाट पाहत उभा राहिलो आणि ती ‘ह’च्या पोटाविषयी बोलत राहिली. सुलूबायसोबत काम केलेल्या सगळ्या वर्षांत मी बहुतेक वेळा असाच उभा होतो. काय चाललंय ते मला कळत नसायचं, आणि निघून जावंसंही वाटायचं नाही.

आमचं दुकान गजूशेटचं. स्टँडच्या मागे, एका औषधवाल्याच्या माडीवर. लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे फलक आणि दुकानांवर फिरणाऱ्या दिव्यांच्या पाट्या, असा सगळा धंदा. माझ्याकडे हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांची मेन्यू कार्डं. शेजारच्या टेबलावर सुलूबाय, दिव्यांच्या पाटीची अक्षरं भरायला. या पाटीत अक्षर नसतंच मुळी, नुसते ओळीने लावलेले बारीक दिवे असतात. कुठला पेटवायचा आणि कुठला विझवायचा, एवढंच आपल्या हातात. तिरकी रेघ काढायची म्हटलं तर तिची पायरी होते, गोल काढायचा म्हटलं तर त्याला कोपरे फुटतात. संगणकातली गुळगुळीत मराठी अक्षरं त्यात कोंबली की मात्रा कुठे, काना कुठे, काही पत्ता लागत नाही. म्हणून ती एकेक चौकोन हाताने भरायची.

हे ती कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. तिचं माहेर डिचोली तालुक्यातलं. तिकडे शाळेत शिवणाच्या तासाला मुलींकडून दोसुतीवर फुल्या घालून घ्यायचे. बाकीच्या मुलींनी पोपट काढले, गुलाब काढले. हिने सगळी बाराखडी काढली. पुढे लग्न होऊन चोपड्याला आली, संसार झाला, मुलगी सासरी गेली. शेजारच्या एका लग्नघरी हिने भरलेलं ‘सुस्वागतम्’ टांगलेलं गजूशेटने पाहिलं आणि जेवण अर्धवट सोडून तो विचारत सुटला की हे कोणी केलं. दुसऱ्या आठवड्यात सुलूबाय आमच्या माडीवर होती. पन्नाशीची बाई, आबोलीचा वळेसर माळलेली, पिशवीत भाजी आणि उंडो. उंडो म्हणजे आमच्याकडचा कडक पाव. तो एका हाताने मोडत ती दुसऱ्या हाताने माऊस चालवायची, आणि माऊसवर पडलेला चुरा गजूशेटच्या डोळ्यांत खुपायचा.

तिची बघायची रीत वेगळी. अक्षर झालं की ती खुर्ची ओढत थेट जिन्याच्या दारापर्यंत न्यायची, डोळे किलकिले करायची आणि तिथून बघायची. मग जिन्यातून जो कोणी वर येईल त्याला धरायची. लग्नपत्रिका घ्यायला आलेला वरबाप असो की पाण्याचे कॅन आणणारा.

“हांगा उबो राव. त्या ‘श’चो कान बरो दिसता काय वायट?”

माणूस बिचारा गोंधळून म्हणायचा, “बरो.”

“सगळे बरोच म्हणतात,” ती माझ्याकडे वळून कुरकुरायची. “वायट म्हणपी मनीस मेळना खंय.”

संगणकावर तिचा एक राग होता. चुकलं तर एक कळ दाबली की मागचं परत येतं, हे मी तिला मोठ्या हौसेने दाखवलं. मला वाटलं, खूश होईल. ती घाबरली. “म्हणजे हो सगळेंच परत हाडटा? मागीर खरें खंयचें?” तिच्या दोसुतीवर उसवलेल्या टाक्याचं भोक तरी राहायचं. इथे काहीच राहत नव्हतं. त्या दिवसापासून तिने ती कळ कधी दाबली नाही. प्रत्येक अक्षराचे दोन-दोन नमुने करून शेजारी शेजारी ठेवायची, एकात शंकेचा चौकोन भरलेला, दुसऱ्यात मोकळा. आणि दुसऱ्या दिवशी येऊन शांतपणे सांगायची, “भ जालो. कौल मेळ्ळो.”

कौल म्हणजे तिची काहीतरी बोलायची पद्धत असेल असं मी धरून चाललो होतो. मग एकदा चोपड्याला एका जत्रेचा फ्लेक्स पोचवायला गेलो, देवाच्या पाया पडावं म्हणून देवळात शिरलो, तर गर्भागाराच्या उंबऱ्याशी सुलूबाय मांडी घालून बसलेली. देवाच्या काळ्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. आमच्याकडे लग्न जुळवायचं, घर बांधायचं, आजारी माणसाचं काय करायचं, तर लोक देवाला विचारतात. पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे मला ठाऊक होतं. त्यात ‘भ’ कुठून आला ते ठाऊक नव्हतं.

म्हातारे भट पाकळ्या लावून, गाऱ्हाणं पुटपुटून बाहेर आले आणि सुपारी कातरत बसले. मी विचारलं, तर म्हणाले, “लोक गोरूं चुकलें म्हणान विचारतात, न्हयतर चलयेचें लग्न. हिका चवकोनां जाय! हांव पाकळ्यो लायतां आनी भायर येतां. तिचें आनी देवाचें तीं पळयतलीं.”

आत एक पाकळी पडली. सुलूबायने मान डोलावली, हात जोडले आणि तळहातावर पेनने खूण केली.

परतताना मी म्हटलं, “सुलूबाय, देवाक अक्षरां कळतात?”

“ताका कळूंक कित्याक जाय? ताणें निवाडो दिवंचो.”

“पण तुमचे डोळे आहेत की!”

“म्हज्या दोळ्यांक दोनूय बरीं दिसतात. मागीर कोण सांगतलो? तूं? तूं मेन्यू कार्डार खंयूय सुंगटां उडयता.”

ते खरं होतं. जागा रिकामी दिसली की मी कोळंबी टाकायचो. पण देव आणि चौकोन यांचा मेळ मला काही लागेना. ती भाबडी म्हणावी, तर बाजारात मासळीवालीला रडवेल इतकी हुशार. थट्टा करते म्हणावं, तर डोळ्यांत थट्टेचा लवलेश नाही.

मग पणजीहून ते काम आलं. तिथली काही पोरं मोबाइलवरचा एक खेळ करत होती, मुद्दाम जुन्या काळच्या व्हिडिओ गेमसारखा दिसणारा. सगळं चौकोनी, झाडंसुद्धा चौकोनी. त्यांना मराठी अक्षरं हवी होती तीही तशीच ठोकळ्यांची. कोणीतरी आमची एक पाटी पाहून फोन केला होता. नुसते चार शब्द नाहीत, अख्खा फॉन्ट, सगळी अक्षरं, सगळ्या मात्रा, आकडे. आणि पोरं म्हणाली, फॉन्टला तुमच्या बाईंचंच नाव देऊ. ‘सुलभा’.

गजूशेटने हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा तिच्या तोंडचा घास तोंडातच राहिला. आजवर तिची अक्षरं बारवर फिरली, देवळांवर फिरली, सोनारांच्या दुकानांवर फिरली. कोणी विचारलं नव्हतं की ही कोणाची. “म्हजें नांव?” ती म्हणाली, “अक्षरांक?”

गजूशेट माणूस वाईट नाही, पण व्यापारी. त्याने सरळ सांगितलं, “सुलूबाय, हें काम वेळार गेलें जाल्यार तुमचें टेबल हांगा. ना जाल्यार थंय हांव लॅमिनेशनाचें मशीन घालतां. दिव्यांच्यो पाट्यो आतां कोण घेना.” तिने मान हलवली आणि खुर्ची दारापर्यंत ओढली.

ती कशी काम करायची ते मी तेव्हा पाहिलं. सकाळी दोन नमुने, संध्याकाळी चोपड्याला देऊळ, दुसऱ्या दिवशी तळहातावरची खूण बघून पक्कं. ‘ण’ झाला, ‘ळ’ झाला, ‘क्ष’ने छळलं आणि मग तोही झाला. एकेक अक्षर पडद्यावर येऊन बसत गेलं. मी रोज जाता-येता बघायचो आणि मला ती आवडायला लागली. ‘ध’ गुडघे दुमडून बसल्यासारखा, ‘झ’ अजून व्हायचा होता. त्या अक्षरांत काहीतरी घरगुती होतं, आणि तसं मी तिला सांगितलंही. “तूं मेन्यू कार्डां कर,” ती म्हणाली, पण खूश झाली.

शेवटी ‘झ’ उरला. पोरांनी दिलेला दिवस तोंडावर आला होता, म्हणून गजूशेटने मला स्कूटर देऊन तिच्याबरोबर धाडलं, कौल मिळाला की तिथूनच लॅपटॉपवर काम संपवायला. देवळात म्हातारे भट नव्हते, त्यांना सुतक आलं होतं. त्यांच्या जागी पेडण्याहून दुसरे भट आलेले, जाडजूड, खणखणीत आवाजाचे. ते पाकळ्या लावून बाहेर गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

पाकळी पडली. सुलूबाय म्हणाली, “मेळ्ळो!” आणि त्याच क्षणी भट म्हणाले, “देव नाका म्हणता, बाये.”

“कशें नाका? उजवी पडली न्हय?”

“तुजी उजवी. देवाची दावी. हांगा देवाच्या हातान मोजतात.”

“आमगेर विचारतल्याच्या हातान मोजतात,” सुलूबाय म्हणाली.

“तुमगेर म्हणजे खंय?”

“डिचोलेक.”

“डिचोलेचें डिचोलेक,” भट म्हणाले आणि समई सारखी करायला वळले.

तिच्या माहेरच्या देवळात समोर उभ्या माणसाचा उजवा हात धरत, तिच्या सासरच्या देवळात देवाचा. सासरी आल्यावर घरचे कौल पुरुषांनी घेतले, तिला कधी मोजावं लागलं नाही. म्हातारे भट पाकळ्या लावून बाहेर यायचे, आणि इतकी वर्षं गावात राहिलेल्या बाईला हे सांगायला हवं असं त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. सुलूबाय देवळाच्या पायरीवर बसली. “म्हणजे दिलीप,” ती म्हणाली, “सगळीं. ‘क’ पासून सगळीं. देव नाका नाका म्हणटालो आनी हांव भरतालें.” तिच्या आवाजात भीती होती. मला हसू येत होतं आणि हसलो असतो तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने दुसरा संच करायला घेतला. जिथे भरलेला तिथे मोकळा, जिथे मोकळा तिथे भरलेला, देवाच्या हाताप्रमाणे. अक्षरं तीच, पण पिशवी उलटी केल्यावर शिलाई दिसावी तशी दिसू लागली. की नव्हती दिसत? मला सकाळी पहिला संच बरा वाटायचा, जेवून आल्यावर दुसरा. गजूशेट दोन्ही पडद्यांमध्ये मान फिरवून दमला. “हातूंतलें खरें खंयचें तें सांगात मरे कोणय!” जिन्यातून येणाऱ्यांना उभं करून विचारलं, तर त्यांना दोन्हींत फरकच दिसेना. सुलूबाय मात्र कोणाला विचारत नव्हती. उंडो तसाच पिशवीत घेऊन घरी जायची.

मी म्हटलं, “देवालाच विचारा की, हा संच की तो.”

“खंयच्या तोंडान विचारूं?” ती म्हणाली. “ताणें सांगलें तें हांवें आयकूंक ना. आतां देवाचीं तीं हीं.” तिने दुसऱ्या संचाकडे बोट दाखवलं. मग पहिल्याकडे बघत म्हणाली, “पूण म्हजें नांव हांचेर लागचें अशें माका दिसतालें.” आणि तिला रडू आलं. तिला रडताना मी पहिल्यांदा बघत होतो.

शेवटच्या दिवशी ती दुकानात आलीच नाही. पणजीच्या पोरांनी कळवलं होतं की आज संध्याकाळपर्यंत आलं नाही तर ते दुसरीकडचा तयार फॉन्ट वापरतील. गजूशेट मला म्हणाला, “जें आसा तें घेवन यो,” आणि लॅमिनेशनवाल्याला फोन लावला.

चोपड्याला तिच्या घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सोप्यावर ती दुकानातून नेलेला लॅपटॉप उघडून बसली होती, दोन्ही संच समोर. खाली अंगणात तिचा नवरा श्रीपाद जाळं दुरुस्त करत होता. शापोरा नदीच्या पात्रात मासेमारी करणारा, वाळका, फार कमी बोलणारा माणूस. शुक्रवारी बाजाराला येताना तो तिला दुकानात सोडायचा, तेव्हाही आमच्याकडे बघून नुसता हसायचा.

“सुलूबाय, काय ते ठरवा,” मी म्हटलं. “पोरं वाट बघतायत.”

तिने लॅपटॉप उचलला आणि नवऱ्यापुढे नेऊन धरला. “तुमी सांगात. हीं काय हीं?”

श्रीपादने हात पुसून बराच वेळ बघितलं. “दोनूय बरीं.”

सुलूबायचा तोल गेला. “बरीं! देव नाका म्हणता, आनी तुमकां बरीं! देवान नाका म्हणिल्लें कशें बरें जातलें?”

श्रीपादने जाळं बाजूला ठेवलं. तो माझ्याकडे बघून जरा थांबला, पण मी आहे म्हणून त्याने राखून ठेवलं नाही.

“जाता,” तो म्हणाला. “आमच्या लग्नाचो कौल हांगाच घेतिल्लो. तुजो बापूय डिचोल्यान आयिल्लो. पाकळी पडली आनी तो व्हडल्यान म्हणूंक लागलो, उजवी, उजवी! आनी ताणें गूळ वांटूंक काडलो. ती देवाची दावी आशिल्ली.”

सुलूबायने त्याच्यापुढे धरलेला लॅपटॉप मागे घेतला.

“माका कळ्ळें. भटांकय कळ्ळें. ते तोंड उगडटाले, हांवें तांच्या पायार पाय दवरलो.”

“कित्याक?” तिने हळूच विचारलं.

“थंय खांब्याकडेन तूं उबें आशिल्लें. माका तूंच जाय आशिल्लें, दुसरें कोण नाका.”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून त्यांच्याकडे बघत राहिलो.

“आनी इतलीं वर्सां सांगूंक ना?”

“सांगलें आसतें जाल्यार तूं भियेलें आसतें,” श्रीपाद म्हणाला. “माका भंय दिसलो सुरवातीक. चेडूं जालें तेन्ना रातभर न्हिदूंक ना. मागीर कांय जालें ना. बरेंच जालें.”

तिने लॅपटॉप छातीशी धरला. मला वाटलं, आता भडका उडणार. फसवलं म्हणेल, बापाचं नाव काढेल. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते मला वाचता आलं नाही. शेवटी तिने लॅपटॉप माझ्या हातात दिला.

“दिलीप, पयलीं धाड.”

“पहिली? देवाने नाही म्हटलेली?”

“नाका म्हणिल्लींच.” तिने डोळे पदराने पुसले. “‘झ’ धरून. तीं म्हजीं.”

मी पाठवली. पोरांचं लगेच उत्तर आलं, छान आहेत म्हणून. गजूशेटला फोन केला, तर तो “खंयचीं?” म्हणून ओरडला आणि मी “सुलूबायचीं” म्हणून फोन ठेवला. लॅमिनेशनचं मशीन आलं, पण ते माझ्या टेबलाच्या दुसऱ्या अंगाला बसलं, सुलूबायचं टेबल जागच्या जागी राहिलं. खेळ निघाला, चालला की नाही ते मला माहीत नाही, पण त्यातली अक्षरं बघितली की मला वाटतं, बरोबर आहे. आणि दुसऱ्या संचाची फाईल अजून माझ्याकडे आहे, ती उघडली की वाटतं, हीच बरी होती. देवाने खरोखर नाही म्हटलं होतं का, की पाकळी नुसती वाळून पडली, आणि नाही म्हटलं असेल तर कशाला, याचा मला आजतागायत उलगडा झालेला नाही.

सुलूबाय पुढेही दुकानात येत राहिली, शुक्रवारच्या बाजारात आजही भेटते. पण ती आठवली की मला तीच दुपार दिसते. मी निघायला स्कूटर चालू केली तर ती नवं लुगडं नेसून, केस विंचरून बाहेर आली. श्रीपाद शर्ट अडकवत मागोमाग, त्याच्या हातात सोललेला नारळ.

“परत कौल?” मी हताश होऊन विचारलं.

“ना रे. विचारपाचें कांय ना आतां. आमी देवाक सांगूंक वतात.”

दोघं नदीच्या बांधावरून देवळाच्या वाटेला लागली. पुलाकडे वळताना मी मागे पाहिलं. ती वाटेत थांबली होती, श्रीपादकडून नारळ आपल्या हातात घेतला होता आणि त्याला शर्टाचं वरचं बटण लावायला सांगत होती.